युजीन ओनील : फिर्यादीकडून क्षमेकडे



कवी आपल्या कवितेतून थेट बोलतो, कादंबरीकार निवेदनाच्या मिषाने मधूनमधून डोकावतो. परंतु पात्रांना बोलते करून आपण पडद्याआड राहावे, असा नाटककाराच्या कलेचा दंडकच असल्यामुळे, नाटकावरून नाटककाराच्या चरित्राकडे जाणारी वाट बहुधा अनुमानाची असते, आणि त्या वाटेवर समंजस अभ्यासकाने जपूनच पाऊल टाकावे हे बरे. युजीन ओनील ह्या अमेरिकन नाटककाराच्या बाबतीत मात्र हा दंडक अर्धाच लागू पडतो. त्याच्या कितीतरी नाटकांत त्याचा बाप आहे, आई आहे, थोरला भाऊ आहे. पण ही माणसे कधी शेतकऱ्यांच्या, कधी खलाशांच्या, तर कधी ग्रीक राजकुळाच्या वेषात वावरतात, आणि ते वेष उतरवून त्यांना त्यांच्या खऱ्या चेहऱ्यानिशी रंगभूमीवर उभे करण्यास ओनीलला वयाची पन्नाशी ओलांडावी लागली.

अमेरिकन नाटककारांत नोबेल पारितोषिकाचा मान मिळालेला तो एकटाच. पुलित्झर पारितोषिक त्याच्या नाटकांना चार वेळा मिळाले, त्यांपैकी चौथे त्याच्या मृत्यूनंतर. पण मानसन्मानांची यादी वाचून दाखवण्यासाठी मी आपल्यापुढे उभा नाही. ओनीलच्या सबंध नाट्यजीवनाचा इत्यर्थ मला एका वाक्यात सांगायचा झाला, तर मी असे म्हणेन, की आपल्या घराविरुद्ध फिर्याद घेऊन हा मनुष्य घराबाहेर पडला, अर्धे जग हिंडला, रंगभूमीची नाना साधने हाताळून पाहिली, आणि अखेरीस त्याच घरातल्या चौघांना एका खोलीत बसवून, प्रत्येकाची कैफियत पुरती ऐकून घेऊन, ती फिर्याद त्याने आपल्या हाताने काढून घेतली. हा प्रवास कसा घडला, आणि त्यासाठी काय किंमत पडली, हे आज पाहावयाचे आहे.

१

ओनीलचा जन्म १६ ऑक्टोबर १८८८ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेवरच्या एका हॉटेलात झाला, कारण त्याचा बाप नट होता आणि नटाचे बिऱ्हाड तेव्हा हॉटेलातच असे. बापाचे नाव जेम्स ओनील. आयर्लंडमधील किलकेनीचा हा मुलगा लहानपणी दारिद्र्य बरोबर घेऊनच अमेरिकेत आला, शाळेऐवजी कामाला लागला, आणि केवळ आवाज, रूप व अपार कष्ट ह्यांच्या बळावर शेक्सपिअरच्या भूमिका करणाऱ्या पहिल्या प्रतीच्या नटांच्या पंक्तीत जाऊन बसला. एडविन बूथसारख्या त्या काळच्या नटश्रेष्ठाबरोबर ओथेल्लो आणि इयागो ह्या भूमिका आलटूनपालटून करण्याइतकी त्याची योग्यता होती. पण १८८३ साली अलेक्झांडर ड्यूमाच्या कादंबरीवरून रचलेल्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ ह्या नाटकातली नायकाची भूमिका त्याच्याकडे आली, ती लोकांनी उचलून धरली, पुढे त्या नाटकाचे हक्कच त्याने विकत घेतले, आणि त्यानंतर जवळजवळ तीन दशके हा नट गावोगाव तीच भूमिका करीत हिंडला. दुसरे काही करू पाहिले की प्रेक्षक पाठ फिरवीत. मॉन्टे क्रिस्टो लावले की पैसा लोटे. कनेक्टिकट प्रांतातील न्यू लंडन गावी नदीकाठी त्याने जे उन्हाळ्याचे घर घेतले, त्यालाही लोक मॉन्टे क्रिस्टो कॉटेजच म्हणू लागले. ज्या नाटकाने त्याला घर दिले, त्यानेच त्याच्यातला मोठा नट गिळून टाकला, ही जाणीव त्या बापाला होती. आणि दारिद्र्याची बालपणी बसलेली धास्ती इतकी जबर होती, की जाणीव असूनही त्याला त्या नाटकाचा हात सोडवेना.

आईचे नाव एला. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पियानोवर प्रेम करणारी, भाविक आणि हळव्या मनाची ही मुलगी देखण्या नटाच्या प्रेमात पडून त्याची झाली खरी, पण रात्रीच्या आगगाड्या, परक्या गावांची हॉटेले आणि नाटकी मंडळींचा सहवास तिच्या प्रकृतीला कधीच मानवला नाही. नवऱ्याबरोबर दौऱ्यावर असताना मागे ठेवलेला दुसरा मुलगा, एडमंड, गोवर होऊन १८८५ साली दगावला. थोरला जेमी स्वतः गोवराने आजारी असताना बाळाच्या खोलीत गेला आणि त्यामुळे बाळ गेले, असे एलाने मनाशी धरले. जेमीला तिने मनातून क्षमा केली नाही, आणि स्वतःला तर मुळीच केली नाही. त्यानंतर युजीन झाला. त्या बाळंतपणाच्या वेदनांवर डॉक्टरांनी मॉर्फीन दिले आणि त्या औषधाचे व्यसन तिला जडले, ते पुढे पंचवीस वर्षे सुटले नाही. शाळकरी वयापर्यंत युजीनला ह्यातले काही ठाऊक नव्हते. औषध संपलेल्या एका रात्री आई नदीत जीव द्यायला धावली, तेव्हा पंधराव्या वर्षात असलेल्या मुलाला सगळे सांगणे बाप आणि भाऊ ह्यांना भाग पडले. आपला जन्म हेच आईच्या दुर्दशेचे मूळ, हा दाखला त्या रात्री त्याच्या हाती पडला. तेव्हापासून देवावरचा विश्वास गेला, चर्चला जाणे सुटले, आणि बापाच्या कंजूषपणावर, स्वस्तातल्या डॉक्टरावर, कधीच घर न होऊ शकलेल्या त्या घरावर त्याच्या मनात फिर्याद रुजू झाली.

२

पुढची काही वर्षे ओनीलने स्वतःचा नाश करण्याच्या कामी खर्च केली. प्रिन्स्टन विद्यापीठात तो एकच वर्ष टिकला. १९०९ साली त्याने गुपचूप लग्न केले आणि लगेच सोन्याच्या शोधात होंडुरासला निघून गेला. तिथून सोन्याऐवजी हिवताप घेऊन परतला. १९१० साली बॉस्टनहून ‘चार्ल्स रासीन’ ह्या नॉर्वेजियन शिडाच्या जहाजावर चढून तो ब्युनोस आयरिसला गेला, तिथल्या बंदरात मोलमजुरी केली, उपाशी राहिला, आणि पुन्हा दुसऱ्या जहाजावर नोकरी पत्करून न्यूयॉर्कला आला. तिथे फुल्टन रस्त्यावर ‘जिमी द प्रीस्ट’ नावाचा एक हलका गुत्ता होता. त्याच्या माडीवर महिन्याला तीन डॉलर भाड्याने तो राहू लागला. खलाशी, बेकार, दिवाळखोर, एकेकाळचे पत्रकार आणि फसलेले क्रांतिकारक अशी सगळी गाळात रुतलेली माणसे तिथे जमत, आणि उद्यापासून आपण सुधारणार असे एकमेकांना रोज सांगत. ह्याच माडीवर १९१२ च्या आरंभी ओनीलने झोपेच्या गोळ्या घेऊन आत्महत्येचा प्रयत्न केला आणि मित्रांच्या धावपळीमुळे तो वाचला.

त्याच वर्षी न्यू लंडनच्या वर्तमानपत्रात बातमीदारी करीत असता त्याला क्षय झाला. १९१२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो वॉलिंगफर्ड येथील गेलॉर्ड फार्म ह्या आरोग्यधामात दाखल झाला. आयुष्यात प्रथमच पळून जायला वाट नव्हती. अंथरुणावर पडून वाचणे आणि विचार करणे, एवढेच हाती उरले. तिथे स्ट्रिंडबर्ग आणि इब्सेन ह्यांची नाटके त्याने वाचली, आणि बापाच्या नाटकांहून अगदी निराळे, घराच्या भिंतीआड चाललेल्या छळाला वाचा फोडणारे नाटक जगात असू शकते, हे त्याला कळून चुकले. सहाएक महिन्यांनी बरा होऊन बाहेर पडला तो नाटककार होण्याचा निश्चय करून. १९१४ साली त्याच्या एकांकिकांचे पहिले पुस्तक निघाले, त्याचा खर्च बापानेच सोसला. आणि त्याच वर्षी हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर ह्यांच्या नाट्यलेखनाच्या वर्गात तो जाऊ लागला. ज्याच्यावर फिर्याद होती, त्याच्याच खिशातून फिर्यादीचा खर्च निघत होता, ही गोष्ट मुलाच्या ध्यानी येण्यास अद्याप पुष्कळ अवकाश होता.

३

अमेरिकेतील आधुनिक नाटकाचा जन्म कुठे झाला, असे विचारले तर जाणकार मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील प्रॉव्हिन्सटाउन ह्या कोळ्यांच्या गावाकडे बोट दाखवतात. जॉर्ज क्रॅम कुक आणि त्याची पत्नी सुझन ग्लास्पेल ह्यांच्याभोवती न्यूयॉर्कहून उन्हाळ्यात येणारी लेखक आणि चित्रकार मंडळी जमली होती. धक्क्यावरची एक मोडकळीला आलेली मासळीची वखार साफसूफ करून त्यांनी तिचे नाटकगृह बनवले होते. बसायला लाकडी फळ्या, आणि पाठीमागचे सरकते दार उघडले की समोर खाडी. १९१६ च्या उन्हाळ्यात ओनील त्यांच्याकडे आला. ‘बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ’ ही त्याची एकांकिका वाचून झाल्यावर, आपली मंडळी कशासाठी जमली होती हे आपल्याला तेव्हा कळले, अशा आशयाचे सुझन ग्लास्पेल हिने पुढे लिहून ठेवले आहे.

ह्या एकांकिकेत घडते ते इतकेच : धुक्यातून चाललेल्या एका मालवाहू जहाजाच्या खलाशीखान्यात, उंचावरून पडून जखमी झालेला यँक नावाचा खलाशी आपल्या फळीवर मरणाची वाट पाहत पडला आहे, आणि त्याचा सोबती ड्रिस्कॉल त्याच्याशी बोलत बसला आहे. दोघांनी पाहिलेली बंदरे, केलेली भांडणे, आणि समुद्र सोडून कुठेतरी दूर जमीन घेऊन शेती करण्याचा कधीच न बोललेला मनोरथ, ह्यांखेरीज त्यात दुसरे कथानक नाही. प्रयोगाच्या रात्री खरोखरच धुके पडले होते, भरतीचे पाणी तक्तपोशीखालून वाहत होते आणि बंदरातली धुक्याची घंटा वाजत होती. यँकची भूमिका कुकने केली. ओनीलने स्वतः एकच वाक्य असलेली दुय्यम अधिकाऱ्याची भूमिका केली. बापाच्या नाटकात समुद्र म्हणजे रंगवलेले कापड होते आणि नायक त्यातून वर येऊन जगाला आव्हान देत असे. मुलाच्या नाटकात समुद्र खराखुरा पायाखाली होता, आणि त्यावरचा मनुष्य कसलाही आविर्भाव न करता, मित्राचा हात धरून मरत होता. आपल्या बापाच्या रंगभूमीला ओनीलने दिलेले हे पहिले आणि सर्वांत नेमके उत्तर होय.

४

फेब्रुवारी १९२० मध्ये ‘बियाँड द होरायझन’ हे त्याचे मोठे नाटक ब्रॉडवेवर आले आणि त्याला पुलित्झर मिळाले. वृद्ध जेम्स ओनील त्या प्रयोगाला हजर होता. त्याच्या डोळ्यांना पाणी आले, आणि तरीही, लोकांनी घरी जाऊन आत्महत्या करावी असा तुझा विचार आहे काय, असे त्याने मुलाला विचारले, असे सांगतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला. १९२२ साली आई गेली, १९२३ साली दारूने पोखरलेला भाऊ गेला. तीन वर्षांत सगळे घर संपले, आणि ज्यांच्याविरुद्ध फिर्याद होती त्यांपैकी उत्तर द्यायला कोणी उरले नाही.

‘बियाँड द होरायझन’ नंतरच्या बारा-तेरा वर्षांत ओनीलने जितके निरनिराळे प्रयोग केले, तितके क्वचितच कुठल्या नाटककाराने केले असतील. ‘द एम्परर जोन्स’ मध्ये, वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर सम्राट होऊन बसलेला एक कृष्णवर्णीय पळपुटा कैदी बंड होताच रानात शिरतो. दूर वाजू लागलेला पडघम मिनिटाला बहात्तर, म्हणजे निरोगी माणसाच्या नाडीइतके ठोके देत सुरू होतो, आणि जोन्सच्या भीतीबरोबर चढत जाऊन तो मरेपर्यंत थांबत नाही. चार्ल्स गिल्पिन ह्या कृष्णवर्णीय नटाने ती भूमिका गाजवली. १९२४ साली ‘ऑल गॉड्ज चिलन गॉट विंग्ज’ ह्या नाटकात कृष्णवर्णीय पती आणि गौरवर्णीय पत्नी रंगभूमीवर आली, तेव्हा धमक्यांची पत्रे येऊ लागली, आणि पहिल्या प्रवेशात मुलांना काम करू देण्याचा परवाना शहराच्या नगराध्यक्षांच्या कचेरीने ऐनवेळी नाकारला. मंडळींनी प्रयोग रद्द केला नाही. दिग्दर्शकाने तो प्रवेश प्रेक्षकांना वाचून दाखवला, आणि पुढचे नाटक पॉल रोबसनने केले. ‘द ग्रेट गॉड ब्राउन’ मध्ये पात्रे मुखवटे चढवतात व उतरवतात. ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’ नऊ अंकी. संध्याकाळी सव्वापाचला पडदा वर जाई, मध्ये प्रेक्षक जेवून येत, आणि पात्रे एकमेकांशी बोलता बोलता मध्येच थांबून आपल्या मनातले खरे विचार स्वगत बोलून दाखवीत. बॉस्टनच्या नगराध्यक्षाने ह्या नाटकाला बंदी केली, तेव्हा शेजारच्या क्विन्सी गावात त्याचे प्रयोग झाले आणि लोक तिथे लोटले.

ह्या सर्व खटाटोपाकडे कोणी केवळ नावीन्याचा हव्यास म्हणून पाहील, तर तो अन्याय होईल. पडघम, मुखवटे, स्वगते, समूहगान, ह्या सगळ्यांतून ओनील एकाच गोष्टीचा माग काढीत होता : मनुष्य जे बोलतो त्याच्या पाठीमागे जे लपवतो, ते रंगभूमीवर कसे ऐकवावे? जिथे आईच्या व्यसनाविषयी वर्षानुवर्षे कोणी उघड बोलत नसे, जिथे प्रत्येकजण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून मनातले ताडीत असे, तिथे वाढलेल्या माणसाला हा प्रश्न छळणे स्वाभाविक होते. मात्र त्याचे उत्तर तो बराच काळ साधनांत शोधीत राहिला. ‘मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा’ ह्या १९३१ सालच्या नाट्यत्रयीत त्याने एस्किलसच्या शोकनाट्यांची कथा अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या न्यू इंग्लंडमध्ये आणून, एका श्रीमंत घराण्याचा तीन नाटकांत आणि तेरा अंकांत निःपात दाखवला. हिच्या मसुद्यांत त्याने मुखवटे घालून पाहिले, स्वगते घालून पाहिली, आणि शेवटी ती दोन्ही काढून टाकली. पुढे जे घडावयाचे होते, त्याची ही पूर्वखूण होय.

५

१९३४ नंतर बारा वर्षे ओनीलचे एकही नवे नाटक रंगभूमीवर आले नाही. १९३६ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले; प्रकृतीमुळे तो स्टॉकहोमला जाऊ शकला नाही, पण त्याने पाठवलेल्या भाषणात आपण स्ट्रिंडबर्गचे ऋणी असल्याचे त्याने मोकळ्या मनाने मान्य केले. जगाने त्याच्यावर गौरवाची मोहोर उठवली, आणि पुष्कळांनी त्याचे लेखन संपले असे धरून चालावयास आरंभ केला. वस्तुतः कॅलिफोर्नियातील डॅनव्हिल गावाजवळच्या डोंगरावर बांधलेल्या ताओ हाउस ह्या घरात तो रोज लिहीत होता. एका अमेरिकन घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास सांगणारी, वाढत वाढत अकरा नाटकांपर्यंत गेलेली एक प्रचंड मालिका त्याने योजिली होती. पण तीतले एकच नाटक त्याच्या मनाप्रमाणे पुरे झाले, आणि बाकीची बहुतेक हस्तलिखिते त्याने नष्ट केली.

कारण हात दगा देऊ लागला होता. तरुणपणापासून त्याच्या हाताला थोडा कंप असे, तो आता वाढत चालला. त्याचे अक्षर आधीच पेन्सिलीचे आणि मुंगीएवढे. ते आता इतके बारीक व थरथरते झाले, की त्याची तिसरी पत्नी कार्लोटा भिंग घेऊन ते वाची आणि टंकलिखित करी. तोंडी सांगून लिहवून घेणे त्याला जमेना; विचार हातातून उतरत, जिभेवरून उतरत नसत. १९४३ नंतर लेखन थांबले ते कायमचे. शरीराने दिलेली मुदत संपत आली आहे हे ओळखून, त्या मालिकेचे काम बाजूला सारून, १९३९ ते १९४३ ह्या चार वर्षांत त्याने जी नाटके लिहिली, त्यांनीच त्याचे नाव खऱ्या अर्थाने राहिले : ‘द आइसमन कमेथ’, ‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’, ‘ह्यूई’ आणि ‘अ मून फॉर द मिसबिगॉटन’.

६

ह्या नाटकांत पडघम नाही, मुखवटे नाहीत, समूहगान नाही. ‘द आइसमन कमेथ’ मध्ये १९१२ सालचा एक गुत्ता आहे, आणि ‘उद्या’च्या आशेवर जगणारी ती जुनी माडीवरची माणसे आहेत. ‘लाँग डेज जर्नी’ मध्ये तर केवळ न्यू लंडनच्या घरातली बैठकीची खोली, ऑगस्ट १९१२ मधला एक दिवस, बाप, आई, दोन मुलगे आणि एक मोलकरीण. आडनाव बदलून टायरोन केले आहे, एवढाच आडपडदा. धाकट्या मुलाला क्षय झाल्याचे त्या दिवशी निश्चित होते, आणि सुटले असे वाटणाऱ्या मॉर्फीनकडे आई त्याच दिवशी परत वळते. मुलाला कुठल्या आरोग्यधामात पाठवावे, ह्यावर बाप पैशाचा हिशेब करतो. म्हणजे मूळ फिर्यादीची सगळी कलमे इथे जशीच्या तशी आहेत.

पण चौथ्या अंकात काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. मध्यरात्र झालेली, बाहेर दाट धुके, बाप दारू पिऊन पत्ते मांडून बसला आहे. मुलगा धुक्यातून परत येतो. दिवाणखान्याबाहेरचा दिवा जळत ठेवण्यावरून दोघांची वादावादी होते, कारण वीज जळणे बापाला सहन होत नाही. मग रागाच्या भरात बापच उठून झुंबरातले सगळे दिवे लावतो. त्या भगभगीत उजेडात तो मुलाला, बहुधा आयुष्यात प्रथमच, आपली हकीकत सांगतो : दहाव्या वर्षी कारखान्यातली मजुरी, भाडे न भरल्यामुळे रस्त्यावर फेकलेले आईचे सामान, आणि मग ते एक नाटक, जे स्वस्तात विकत घेतले, ज्याने दर हंगामाला पस्तीस-चाळीस हजार डॉलर निव्वळ नफा दिला, आणि ज्याने आपल्यातला नट संपवला. एडविन बूथने आपल्या ओथेल्लोबद्दल काढलेले गौरवोद्गार त्याने एका कागदावर लिहून घेतले होते आणि तो कागद वर्षानुवर्षे पाकिटात बाळगला होता. आता तो कुठे आहे हे त्याला आठवत नाही. माळ्यावरच्या जुन्या पेटीत आईच्या लग्नाच्या पोशाखाबरोबर असेल, असे मुलगा सुचवतो. हकीकत संपते, बाप वर दिव्यांकडे पाहतो, हा उजेड डोळ्यांना लागतो, मालवू का, असे मुलाला विचारतो, आणि टेबलावर चढून एकेक दिवा मालवू लागतो. ज्या कंजूषपणावर त्या घरातल्या दुःखाचे निम्मे खापर फुटले, तोच कंजूषपणा इथे आहे, यत्किंचितही कमी झालेला नाही. परंतु तो आता आपल्याला समजलेला आहे, आणि समजल्यावर त्याच्याविरुद्ध निकाल देणे शक्य उरत नाही. थोड्याच वेळाने आई जिना उतरून येते, तो लग्नाचा पोशाख हातात लोंबत आहे, आणि मन कॉन्व्हेंटमधल्या मुलीच्या वयात जाऊन पोहोचले आहे. ती पेटी उघडली गेली आहे. कागद मात्र सापडलेला नाही.

आणखी एक गोष्ट चाणाक्ष वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. नाटकातल्या धाकट्या मुलाचे, म्हणजे लेखकाचे स्वतःचे नाव एडमंड आहे, आणि गोवराने गेलेल्या तान्ह्या बाळाचे नाव युजीन आहे. जगलेल्याने मेलेल्याचे नाव घेतले आणि आपले नाव त्याला दिले. आईच्या दुःखाला आपला जन्म कारण झाला, हा पंधराव्या वर्षी ऐकलेला आरोप पन्नाशीनंतर अशा रीतीने त्याने स्वतःवर मान्य केला; आणि जो फिर्यादीच स्वतःला आरोपींत बसवतो, त्याच्या तोंडून इतरांविषयी कटुता निघणे संपते. ‘अ मून फॉर द मिसबिगॉटन’ मध्ये हीच क्षमा भावाच्या वाट्याला आली. आईची शवपेटी घेऊन कॅलिफोर्नियाहून आगगाडीने येताना जेमी बेहोश दारू प्याला होता आणि त्याची लाज त्याला मरेपर्यंत जाळीत होती. नाटकात एका शेतकऱ्याची मोठ्या मनाची मुलगी त्याची ती कबुली ऐकून घेते, आणि त्याचे डोके रात्रभर आपल्या छातीशी धरून त्याला झोपू देते. खऱ्या जेमीला जी रात्र मिळाली नाही, ती भावाने त्याला लिहून दिली.

ओनीलच्या भाषेवर टीकाकारांनी जे आक्षेप घेतले, ते मला पुष्कळ अंशी मान्य आहेत. तिच्यात काव्याची झेप कमी, पुनरुक्ती फार, आणि मधल्या काळातील नाटकांत तर ती अनेकदा जड होते. त्याचे भान त्यालाही होते; आपण बोलतो ते अडखळत बोलणे आहे, असे तो एडमंडकडून वदवतो. परंतु शेवटच्या नाटकांत ही पुनरुक्तीच त्याच्या कामी आली. घरातली माणसे भांडतात तेव्हा नवे काही बोलत नाहीत. जुनेच शब्द, जुनेच टोमणे, आणि त्यांपाठोपाठ जुनीच माफी. एखादा अलंकारप्रिय लेखक इथे फसला असता. ओनीलच्या ओबडधोबड गद्याने ते घर जसेच्या तसे उभे केले.

७

इतके सांगितल्यावर दुसरी बाजू न सांगणे म्हणजे आपली फसवणूक केल्यासारखे होईल. ज्याने आपल्या बापाला नाटकात क्षमा केली, त्याला स्वतः बाप होणे साधले नाही. त्याची मुलगी ऊना हिने १९४३ साली, अठराव्या वर्षी, चौपन्न वर्षांच्या चार्ली चॅप्लिनशी लग्न केले, तेव्हा त्याने तिच्याशी संबंध तोडले ते पुन्हा जोडले नाहीत. थोरला मुलगा, ग्रीक वाङ्मयाचा विद्वान, ह्याने १९५० साली आत्महत्या केली. धाकटा शेन अफूजन्य औषधांच्या व्यसनात बुडाला. आजीचे दुर्दैव नातवाने पुढे चालवले. ‘लाँग डेज जर्नी’ मधल्या एडमंडला बायको नाही, मूल नाही. पण १९१२ साली खऱ्या युजीनला दोन्ही होती, आणि त्या दोघांची कैफियत त्याने कुठेच लिहिली नाही. कला मनुष्याला शहाणे करते, पण ते शहाणपण नाटकाबाहेर चालतेच असे नाही. ओनीलच्या मोठेपणाबरोबर हे सत्यही आपण पदरात घेतले पाहिजे.

‘लाँग डेज जर्नी’ चे हस्तलिखित त्याने १९४५ साली मोहोरबंद करून प्रकाशकाच्या हवाली केले होते, आणि आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे ते उघडू नये असा करार केला होता. २७ नोव्हेंबर १९५३ रोजी बॉस्टनमधील एका हॉटेलात त्याचा अंत झाला. सर्व हक्क कार्लोटाकडे आले. मूळ प्रकाशकाने शब्द मोडण्यास नकार दिला, तेव्हा तिने ते नाटक येल विद्यापीठाच्या मुद्रणालयाकडे दिले. फेब्रुवारी १९५६ मध्ये स्टॉकहोमच्या राजनाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात होझे किंतेरोच्या दिग्दर्शनाखाली ते न्यूयॉर्कला आले. कायद्याने कार्लोटाला तो अधिकार होता, ह्यात शंका नाही. मृताच्या स्पष्ट इच्छेविरुद्ध जाण्याचा नैतिक अधिकार होता काय, हा प्रश्न मात्र मिटलेला नाही, आणि त्या नाटकाचा लाभ झालेल्या आपण सर्वांनी तो सोयीस्करपणे विसरू नये.

शेवटी एवढेच. ओनीलच्या चरित्रावरून तरुण नाटककाराने कोणता बोध घ्यावा, असे मला कोणी विचारले, तर मी त्याच्या दुःखाकडे बोट दाखवणार नाही. कारण दुःख पुष्कळांच्या वाट्याला येते आणि बहुतेकांना ते नाटककार करीत नाही. मी त्याच्या चिकाटीकडे बोट दाखवीन. यश, पैसा आणि नोबेल मिळाल्यावरही आपले मुख्य काम अजून झालेले नाही हे त्याने ओळखले, ज्या साधनांनी कीर्ती दिली ती खाली ठेवली, आणि हात चालेनासा होण्यापूर्वी ते काम पुरे केले. आपल्या माणसांवर राग धरून लिहिणे सोपे आहे, त्यांची भलावण करून लिहिणे त्याहून सोपे आहे. त्यांचा एकही दोष न लपवता त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून पुरतेपणी मांडणे, हे नाटकाचे खास सामर्थ्य, कारण नाटकात लेखकाला स्वतः निकाल देता येत नाही. ते सामर्थ्य ओनीलने शेवटच्या चार नाटकांत जितके वापरले, तितके विसाव्या शतकात फार थोड्यांनी वापरले असेल. म्हणून त्याची नाटके वाचावीत, मोठ्याने वाचावीत, आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी ती करून पाहावीत, एवढी विनंती आहे.